घाट भोसल्यांचा, शहर कोणाचे?

वाराणसीत मणिकर्णिकेवरून उत्तरेकडे निघाले की शिंदे घाट, संकठा घाट आणि गंगामहाल घाट ओलांडल्यावर भोसले घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तो बांधविला. नदीवर उभी राहिलेली त्याची उंच दगडी भिंत आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर दुरूनही ओळखू येते. पुढे जटार घाट, ग्वाल्हेर घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट अशी ओळ लागते आणि यांतील अनेक घाटांशी कोणा ना कोणा मराठी सरदाराचे, दिवाणाचे किंवा पेशव्याचे नाव जोडलेले असते. महाराष्ट्रातून काशीयात्रेस गेलेल्या माणसाचा ऊर ही नावे ऐकून भरून येतो. या भरलेल्या उराचा राजकीय व्यापार करणाऱ्यांची आज चलती आहे.

परंतु हाच अभिमान मुंबईत परतला की त्याचे रूप पालटते. काशीत मराठी सरदाराने बांधलेला घाट हा मराठी पराक्रमाचा पुरावा ठरतो. आणि काशी, जौनपूर, आझमगढकडच्या मजुराने मुंबईत टाकलेली खाट हे मात्र अतिक्रमण ठरते! या दुटप्पीपणाच्या मुळाशी एक साधा प्रश्न दडपलेला आहे. शहर कोणाचे? त्यावर राज्य करणाऱ्याचे, त्यात राबणाऱ्याचे, की त्याची जमीन विकत घेऊ शकणाऱ्याचे? भोसले घाटाचा इतिहास वर्गीय दृष्टीने वाचला, तर या प्रश्नाचे उत्तर काशीपुरतेच नव्हे, मुंबईपुरतेही मिळते.

दगड कोणाच्या घामाचे?

राजेरजवाड्यांच्या पाट्यांवर बांधणाऱ्याचे नाव असते; पैसा कोठून आला याचा उल्लेख नसतो. नागपूरच्या भोसल्यांची तिजोरी दोन मार्गांनी भरत असे. एक, विदर्भ आणि छत्तीसगडच्या रयतेकडून वसूल केलेला शेतसारा. दुसरा, शेजारच्या प्रांतांवरील स्वाऱ्या. रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४०च्या दशकात वर्षामागून वर्षे बंगालवर कोसळत राहिल्या. शेवटी १७५१ साली नबाब अलीवर्दीखानाने वर्षाला बारा लाख रुपये चौथाई कबूल केली आणि ओरिसाचा मोठा भाग भोसल्यांच्या ताब्यात गेला. लुटला गेला तो नबाब नव्हे. लुटले गेले ते बंगालचे शेतकरी आणि विणकर. 'बर्गी' या नावाची धास्ती बंगाली अंगाईगीतांत आजही शिल्लक आहे. ज्या राज्याच्या तिजोरीत ही लूट जमा झाली त्याच राज्याच्या पुण्यसंचयाचे साधन म्हणून काशीचा घाट उभा राहिला, हे अभिमानगीतांत सांगितले जात नाही.

घाट प्रत्यक्ष उभारला कोणी? काशीच्या घाटांचा दगड चुनारच्या खाणींतला. तो पाथरवटांनी फोडला, मल्लाहांनी नावांत भरून गंगेतून खाली आणला, गवंड्यांनी आणि बेलदारांनी पुराच्या पाण्याशी झुंजत पाया खणून रचला. त्यांच्यापैकी एकाचेही नाव भिंतीवर नाही. तेव्हा घाट भोसल्यांचा म्हणावयाचा असेल तर जरूर म्हणावा; पण तो श्रमिकांच्या अनेक प्रांतांतील, अनेक जातींतील आणि अनेक धर्मांतील हातांनी घडला, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

नदीचे बंदर आणि लोखंडी मार्ग

काशी म्हणजे केवळ तीर्थक्षेत्र, ही समजूत अलीकडे हेतुपुरस्सर पसरविण्यात आली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बनारस हे गंगेवरील मोठे व्यापारी बंदर होते. साखर, रेशीम, जरीचे कापड, सोरा यांनी लादलेल्या नावा येथून पाटणा आणि कलकत्त्याकडे जात. खाली गाझीपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीचा अफूचा कारखाना होता आणि तेथील पेट्या नदीमार्गेच कलकत्त्यास व तेथून चीनला रवाना होत. बनारसच्या सावकारी पेढ्यांच्या हुंड्या दूरदूरच्या बाजारांत वटत. याच शहरात १८२० ते १८३० या काळात टांकसाळीवर असलेल्या जेम्स प्रिन्सेपने शिरगणती केली तेव्हा लोकसंख्या एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास भरली. त्या काळच्या हिंदुस्थानात हे मोठे नगर होते, आणि त्याचे मोठेपण घंटानादाइतकेच नदीवरील मालाच्या चढउतारावर उभे होते.

नागपूर आणि वऱ्हाडचा या बंदरांशी असलेला संबंध केवळ भाविकतेचा नव्हता. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, जंगले आणि घाट तुडवीत, सुमारे आठशे किलोमीटर अंतरावरील मिर्झापूरला नेला जाई. मिर्झापूर हे बनारसच्या वरच्या अंगाचे गंगेवरील बंदर. तेथे कापसाचे गठ्ठे नावांत चढत आणि काशीच्या घाटांसमोरून बंगालकडे जात. ज्या भोसले घाटावर नागपूरचे यात्रेकरू स्नान करीत, त्याच्यासमोरून नागपूरच्या शेतकऱ्याचा कापूस वाहून नेला जात होता. धर्मयात्रा आणि मालवाहतूक यांची वाट एकच होती.

हे सारे कोसळले कसे? कोणा परप्रांतीयाच्या आगमनाने कोसळले काय? मुळीच नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. लँकेशायरच्या गिरण्यांना या कापसाची भूक होती आणि तो लवकर व स्वस्तात समुद्रापर्यंत पोहोचणे त्यांस हवे होते. रेल्वे १८६२ साली मुगलसराईस आली, १८६७ साली मुंबईहून नागपूरला पोहोचली आणि १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई व कलकत्ता हे दोन लोहमार्ग जोडले गेले. वऱ्हाडचा कापूस आता मिर्झापूरकडे पाठ फिरवून मुंबईकडे धावू लागला. मिर्झापूरचा बाजार बसला. १८८७ साली राजघाटाजवळ गंगेवर रेल्वेचा पूल झाला आणि बनारसच्या नदीव्यापाराचेही दिवस भरले. हजारो मल्लाह, हमाल, बैलवाले, तागडीवाले यांचे पोट ज्या व्यवस्थेवर होते ती व्यवस्था परदेशी भांडवलाच्या एका निर्णयाने मोडली. भांडवल आपला मार्ग बदलते तेव्हा एक बंदर ओस पडते आणि दुसरे गजबजते. मात्र पहिल्या बंदरातील श्रमिकांचे पुढे काय होते, याचा हिशेब ते कधीच ठेवीत नाही.

काशीतील मराठी माणूस

काशीतील मराठी वस्ती राजांच्या आधीपासूनची आहे. पैठणच्या एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली काशीतच पूर्ण केले. शिवाजी महाराजांच्या १६७४ सालच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणाऱ्या गागाभट्टांचे घराणे मूळ पैठणचे, पण काशीत स्थायिक झालेले. पेशवाई बुडाल्यानंतर चिमाजी आप्पा काशीत येऊन राहिले, आणि त्यांच्या आश्रितांपैकी मोरोपंत तांबे यांच्या घरी जन्मलेली मुलगी पुढे झाशीची राणी झाली. गंगेकाठच्या गल्ल्यांत दक्षिणी वाडे, वेदशाळा, अन्नछत्रे उभी राहिली.

येथेही भाबडेपणास वाव नाही. ही वस्ती मुख्यतः इनाम, दक्षिणा आणि संस्थानी देणग्यांवर जगणारी, उच्चवर्णीयांची वस्ती होती. राजाश्रय आटला तसा तिचा आधार गेला. पण त्या वस्तीतून जे लोक जनतेच्या बाजूने बाहेर पडले त्यांना काशीने कधी परके म्हटले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीतील मराठी कुटुंबात जन्मले. १९२० साली सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे ते नामवंत संपादक झाले. आधुनिक हिंदी वृत्तपत्रीय गद्याला वळण लावणारा माणूस घरी मराठी बोलत होता, याचे हिंदी भाषकांना वैषम्य वाटले नाही. उलट आजही त्यांचे नाव तेथे आदराने घेतले जाते. खेडचा शिवराम हरी राजगुरू संस्कृत शिकण्यासाठी काशीस आला आणि तेथेच क्रांतिकारकांच्या संपर्कात येऊन हिंदुस्थान सोशालिस्ट रिपब्लिकन असोसिएशनचा सैनिक झाला. भगतसिंग व सुखदेव यांच्यासह २३ मार्च १९३१ रोजी तो फाशी गेला. 'भूमिपुत्र' असल्याचा दाखला काशीने त्याच्याकडे मागितला नव्हता.

मागाचे शहर

नदीव्यापार संपल्यावरही बनारस जगले ते विणकरांच्या हातांवर. मदनपुरा, अलईपुरा, लल्लापुरा, बजरडिहा या मोहल्ल्यांतील अन्सारी विणकरांनी बनारसी शालू देशभर पोहोचविला. महाराष्ट्रातील किती लग्नघरांत नवरीच्या अंगावर बनारसी शालू असतो आणि तो एका मुसलमान विणकराने, त्याच्या पत्नीने भरलेल्या कांड्यांवर विणलेला असतो, हे मंगलाष्टकांच्या वेळी कोणाच्या मनातही येत नाही. विणकर मुसलमान, गद्दीवरचा व्यापारी बहुधा हिंदू, सूत बाहेरचे आणि गिऱ्हाईक साऱ्या देशाचे, अशी ही परस्परावलंबी रचना होती. बिस्मिल्ला खाँ यांनी बालाजी घाटावरील मंदिरात वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला तो याच शहरात. परंतु या परस्परावलंबनाला समता म्हणणे ही फसवणूक होय. तेथे 'गिरस्ता' म्हणून ओळखला जाणारा मधला मालक सूत पुरवितो, मजुरी ठरवितो, कापडात खोट काढून ती कापतो, आणि नफ्याचा मोठा वाटा गद्दीवर जातो. विणकराचे घरच कारखाना असल्यामुळे त्याला कामगार कायदा लागू होत नाही. कुटुंबातील स्त्रियांच्या आणि मुलांच्या श्रमाची तर मोजदादही होत नाही.

१९९०नंतरच्या उदारीकरणाने या व्यवस्थेतील अन्याय तसाच ठेवून तिचा आधार तेवढा काढून घेतला. चिनी रेशीम आणि कापड यांची आयात, सुरतेच्या यंत्रमागांवर निघणारी स्वस्त नक्कल, सूताचे चढते भाव यांनी हातमाग एकामागून एक बंद पडले. २००९ साली बनारसी वस्त्राला भौगोलिक चिन्हांकन मिळाले; पण नावाला संरक्षण मिळाले म्हणून हातांना काम मिळाले नाही. यंत्रमागाला २००६पासून विजेचा जो ठोक सवलतीचा दर होता तो उत्तर प्रदेश सरकारने २०१९च्या अखेरीस काढून घेतला. त्याविरुद्ध २०२० साली विणकरांनी माग बंद ठेवून लढा दिला. पुढे ठोक दर परत आला तो पूर्वीपेक्षा चढाच. दरम्यान बनारसचे विणकर सुरत आणि बंगळूरच्या कारखान्यांत पाळ्या करू लागले. जो आपल्या घरी कारागीर होता तो परमुलखात भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर झाला.

उलटी वाट

ही वाट नवी नाही. १८५७च्या उठावानंतरची दडपशाही आणि त्यापाठोपाठचे दुष्काळ यांमुळे बनारस, आझमगढ, मऊ, अलाहाबादकडचे मोमिन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकले आणि मालेगाव, भिवंडी येथे वसले. महाराष्ट्रातील या दोन यंत्रमाग शहरांचा पाया त्यांनी घातला. मुंबईतही एक मदनपुरा आहे आणि तोही विणकरांचाच मोहल्ला म्हणून ओळखला गेला. काशी आणि भायखळा यांच्यामध्ये असलेला हा धागा रेशमाचा नसून श्रमाचा आहे.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. वऱ्हाडच्या ज्या कापसाने मिर्झापूरकडे पाठ फिरविली त्याच कापसावर या गिरण्या चालल्या, आणि मिर्झापूर, बनारस, जौनपूरकडचा ज्याचा धंदा गेला तो माणूसही त्या कापसामागोमाग मुंबईस आला. कोकणातला, साताऱ्याचा, घाटावरचा मराठी कामगार आणि पूर्वांचलातला भय्या एकाच साच्यावर, एकाच जॉबरच्या शिव्या खात उभे राहिले. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपात गिरणी कामगार युनियनच्या लाल बावट्याखाली ते एकत्र होते. आझमगढ जिल्ह्यातील मिजवाँचे कैफी आझमी मुंबईत पक्षाचे काम करीत होते, तेव्हा वाटेगावचे अण्णाभाऊ साठे त्याच शहरातील कामगारवस्त्यांत डफावर थाप मारीत होते. मुंबईची खरी ओळख या दोघांच्या एकत्र येण्यातून घडली.

दोन शहरे, एकच धोरण

आज दोन्ही शहरांत काय चालले आहे? मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मालकांनी आणि सरकारने तो संप चिरडला आणि त्याच्या आडून गिरण्याच बंद पाडण्यास आरंभ झाला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमांत गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, तिसरा गृहनिर्माणासाठी आणि उरलेला मालकाला अशी तरतूद होती. २००१ साली ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित करण्यात आली, आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बदललेली तरतूद मान्य केली. परिणामी लालबाग-परळमध्ये मनोरे उभे राहिले. दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी व वारसांनी घरांसाठी अर्ज केले. घरे मिळाली ती त्यांतील थोड्यांनाच, आणि उरलेल्यांना शेलू-वांगणीची वाट दाखविण्यात आली. नागपूरची एम्प्रेस मिलही २००२ साली कायमची बंद झाली. बंदराचेही तेच. १९८९ साली न्हावा-शेवा येथे नवे बंदर सुरू झाल्यावर जुन्या गोद्यांमधील माल आणि त्याबरोबर गोदी कामगार घटत गेला, आणि आता बॅलार्ड पिअरवर पर्यटकांच्या क्रूझ जहाजांसाठी भव्य टर्मिनल बांधण्यात आले आहे.

काशीत याचीच आवृत्ती पाहावयास मिळते. १९८६ साली अलाहाबाद ते हल्दिया हा गंगामार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून जाहीर झाला. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी रामनगर येथे बहुविध वाहतुकीच्या टर्मिनलचे गाजावाजाने उद्घाटन झाले आणि काशी पुन्हा बंदर होणार असे सांगण्यात आले. त्यानंतरच्या वर्षांत या धक्क्यावरून गेलेला माल अत्यल्पच राहिला. गाजली ती मात्र १३ जानेवारी २०२३ रोजी निघालेली 'गंगा विलास' ही क्रूझ, जिच्या पूर्ण सफरीचे एका प्रवाशाचे भाडे लाखांच्या घरात होते. घाटाघाटांवर पिढ्यानपिढ्या नाव वल्हविणाऱ्या निषाद नावाड्यांनी अशा आलिशान बोटींना विरोध केला तो अडाणीपणामुळे नव्हे. नदीवरील त्यांचा वहिवाटीचा हक्क हळूहळू परवाना, शुल्क आणि कंत्राट यांत रूपांतरित होत आहे, हे त्यांना शहाण्यासुरत्या अर्थतज्ज्ञांच्या आधी कळले.

भोसले घाटापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर विश्वनाथ कॉरिडॉर आहे. ८ मार्च २०१९ रोजी त्याची कोनशिला बसविली गेली आणि १३ डिसेंबर २०२१ रोजी पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. सरकारी माहितीप्रमाणे तीन हजार चौरस फुटांचे आवार पाच लाख चौरस फुटांपर्यंत वाढविले गेले. त्यासाठी तीनशेहून अधिक मालमत्ता खरेदी करून पाडण्यात आल्या आणि सुमारे १,४०० घरमालक, भाडेकरू व दुकानदार हलविले गेले. लाहोरी टोला हा जुना मोहल्ला नकाशावरून पुसला गेला. घरमालकाला किंमत मिळाली. पण ज्या भाडेकरूचे, गल्लीतल्या हारवाल्याचे, मालिश करणाऱ्याचे, दूधवाल्याचे सारे जीवन त्या गल्लीवर होते, त्याचा हिशेब चौरस फुटांत मांडता येत नाही. मणिकर्णिकेवर चिता रचणारा डोम कामगार मात्र होता तेथेच आहे, कारण त्याचे काम घेण्यास कोणतीही कंपनी पुढे आलेली नाही.

'विकासा'चा युक्तिवाद

यावर असे विचारले जाते, की जुन्या गल्ल्यांत चेंगराचेंगरीची भीती नव्हती काय? घाट अस्वच्छ नव्हते काय? पर्यटक वाढले तर गरिबालाच रोजगार मिळणार नाही काय? हे प्रश्न उडवून लावण्यासारखे नाहीत. मोडकळीस आलेल्या वाड्यांत राहणे ही संस्कृती नव्हे, आणि मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा माणसांनी झोपणे हेही कामगारांचे वैभव नव्हते. श्रमिकांना स्वच्छ घाट, रुंद रस्ते आणि हवेशीर घरे हवी आहेत, इतरांपेक्षा अधिकच हवी आहेत. प्रश्न आहे तो ती कोणाच्या पदरात पडतात हा. गिरणीतील अथवा डिझेल इंजिन कारखान्यातील नोकरीत प्रॉव्हिडंट फंड होता, युनियन होती, निवृत्तिवेतन होते. १९६१ साली स्थापन झालेल्या बनारसच्या त्या इंजिन कारखान्याने हजारो कुटुंबांना असे स्थैर्य दिले. त्याच्या जागी हॉटेलातील कंत्राटी सफाई, ई-रिक्षाचा हप्ता आणि हंगामी गर्दीवरचे दुकान ठेवून त्याला रोजगारवाढ म्हणणे, हा शब्दांचा खेळ आहे. उत्पादनाचे शहर मोडून प्रेक्षणीय शहर उभारले की राहणारा माणूस अडचण ठरतो आणि येऊन-जाऊन पैसा टाकणारा माणूस नागरिक ठरतो. गंगेकाठची जुनी घरे अतिथिगृहे होत चालली आहेत, ती याच नियमाने.

या उलथापालथीवर पांघरूण घालण्यासाठी धर्म कामास येतो. विणकराच्या मजुरीची चर्चा व्हावयास हवी तेथे ज्ञानवापीची चर्चा होते. १९४७ साली जे धर्मस्थळ जसे होते तसेच राहील असे सांगणारा १९९१चा कायदा अस्तित्वात असतानाही सर्वेक्षणे झाली, आणि ३१ जानेवारी २०२४ रोजी तळघरात पूजेची परवानगी दिली गेली. मार्च २००६मध्ये संकटमोचन मंदिरात आणि रेल्वे स्थानकात बाँबस्फोट झाले तेव्हा मंदिराचे महंत आणि बिस्मिल्ला खाँ या दोघांनीही शांततेचे आवाहन केले व शहर पेटले नाही. काशीची ओळख त्या दिवशी शहराने स्वतः सांगितली होती.

परका कोण?

महाराष्ट्रात धर्माच्या जोडीला प्रांत कामास येतो. ५ जून १९७० रोजी परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली. गिरणगावातून लाल बावटा हटविल्याशिवाय गिरण्यांच्या जमिनीस हात घालता येणार नव्हता. 'परप्रांतीय हटाव'च्या आरोळ्या ठोकणाऱ्यांपैकी किती जण गिरण्या वाचविण्यासाठी रस्त्यावर आले? २००८ साली उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना, फेरीवाल्यांना आणि परीक्षेस आलेल्या तरुणांना मारहाण झाली. त्या मारहाणीतून एकाही गिरणी कामगाराला घर मिळाले नाही. २०१८ साली गुजरातेत हेच घडले. आणि २०२०च्या टाळेबंदीत कारखानदारांनी हात झटकले तेव्हा घराकडे पायी निघालेले सोळा मजूर ८ मे रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली चिरडले गेले. ज्या लोखंडी मार्गाने एके काळी भांडवलाने बंदरे उठविली आणि बसविली, त्याच मार्गावर त्याच्या मजुराचे रक्त सांडले.

मराठी कामगाराला लालबागेतून वांगणीला पाठविणारे आणि बनारसच्या विणकराला मदनपुऱ्यातून सुरतेस पाठविणारे धोरण एकच आहे. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करण्यात ज्याचा फायदा आहे तोच दोघांच्याही शहरात खरा परका होय, मग त्याचे आडनाव कोणतेही असो आणि तो कोणतीही भाषा बोलत असो.

श्रमिकांचे उत्तर

बनारस हे कायमचेच प्रतिगाम्यांचे शहर आहे असे मानणे चूक आहे. १९६७ साली याच वाराणसीने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सत्यनारायण सिंह यांना लोकसभेवर पाठविले होते. शेजारच्या कोलअसला मतदारसंघातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ऊदल विधानसभेवर वारंवार निवडून येत राहिले. परळ-लालबागही एके काळी लाल होते. ते दिवस नुसते आठवून भागणार नाही. जुना कामगार ज्या गिरणीत संघटित झाला ती गिरणीच उरली नाही. नवा कामगार कंत्राटात, घरात, रस्त्यावर आणि मोबाइलच्या आदेशांवर विखुरलेला आहे. त्याला गाठावयाचे तर कारखान्याच्या दारापाशी थांबून चालणार नाही. वस्तीत जावे लागेल.

तेथे मागण्या स्पष्ट हव्यात. पुनर्विकासात मालकाइतकाच भाडेकरूचा आणि दुकानदाराचा हक्क मान्य झाला पाहिजे. फेरीवाल्यांविषयीचा २०१४चा कायदा वाराणसीत आणि मुंबईत कागदावरून रस्त्यावर आला पाहिजे. नावाड्यांच्या सहकारी संस्थांना नदीवरील वाहतुकीत पहिला हक्क मिळाला पाहिजे. विणकराला वाजवी दराने सूत, परवडणारी वीज आणि घरी काम करणाऱ्या स्त्रीसह किमान मजुरी मिळाली पाहिजे. गिरणी कामगारांना मुंबईतच घरे मिळाली पाहिजेत. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेला स्वतंत्र कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन केला गेला आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून अमलात आणल्या गेल्या. स्थलांतरितांचे ते संरक्षण परत मिळविण्याचा लढा मराठी कामगाराचाही आहे, कारण वांगणीहून रोज पहाटे निघणारा तोही आता आपल्याच शहरातला स्थलांतरित झाला आहे.

काशीत मराठी माणूस शतकानुशतके राहिला आणि काशी त्याची झाली. मुंबईत पूर्वांचलचा माणूस पिढ्यानपिढ्या राबला आणि मुंबई त्याचीही झाली. हा कोणाचा उपकार नव्हे. श्रमाने मिळविलेला हक्क आहे. तो हक्क मनोऱ्यांच्या आणि कॉरिडॉरच्या मालकांकडून राखून घ्यावयाचा असेल, तर भिवंडीचा माग, परळची चाळ आणि मदनपुऱ्याची गल्ली यांनी एकमेकांकडे संशयाने पाहणे थांबवून एका बावट्याखाली उभे राहिले पाहिजे.